प्रांतभेद आणि राष्ट्रीयत्व : उत्तर कोंकण व गोमंतक येथील कॅथलिक समाजांच्या इतिहासावरून कांहीं विचार

महोत्सव हा कृतज्ञतेचा प्रसंग होय, तसाच तो आत्मपरीक्षणाचाहि प्रसंग होय. ज्या समाजानें एका देवमंदिराच्या छायेखालीं पिढ्यान् पिढ्या बाप्तिस्मा, विवाह व अंत्यविधि ह्यांचे संस्कार घेतले, त्यानें आपण कोण, आपले पूर्वज कोणत्या परिस्थितींतून गेले आणि ह्या विस्तीर्ण देशांत आपलें स्थान कोणतें, हे प्रश्न अशा वेळीं स्वतःस विचारावे हें उचितच आहे. आम्हीं ते न विचारल्यास दुसरे विचारतात. आणि दुसऱ्यानें विचारल्यावर घाईनें दिलेलें उत्तर बहुधा अपुरें असतें.

असे दोन प्रश्न आम्हांस वरचेवर ऐकूं येतात. पहिला बाहेरून येतो : तुमचीं आडनांवें परकीं, तुमचा धर्म परक्या जहाजांतून आलेला, मग तुम्ही ह्या राष्ट्राचे कसे? दुसरा घरांतलाच आहे : हा ईस्ट इंडियन, तो गोंयकार, तो मंगळूरकर, धर्म एक असतां भाषा, पोशाख, गाणीं व जेवण हीं सर्व निराळीं, मग आपण एक समाज तरी कसे? पहिला प्रश्न विचारणारास वाटतें कीं, राष्ट्र एक असेल तर आचार एक असला पाहिजे. दुसरा विचारणारास वाटतें कीं, धर्म एक असेल तर आचार एक असला पाहिजे. दोघांचा गैरसमज एकाच जागीं आहे असें आमचें मत आहे. व तें आम्ही इतिहासाच्या आधारें मांडूं इच्छितों.

उत्तर कोंकण व गोमंतक हे एकाच किनाऱ्याचे दोन भाग. दोहोंवर एकाच राजमुकुटाची सत्ता होती. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं आल्फोन्सो द आल्बुकर्क ह्यानें गोवा जिंकून घेतलें. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजरातचा सुलतान बहादुरशहा ह्यानें तहान्वयें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला; त्यांत साष्टी व मुंबईचीं बेटेंहि आलीं. ह्या मुलखास पोर्तुगीज लोक 'उत्तर प्रांत' म्हणत, व वसई ही त्याची राजधानी होती. दोन्ही प्रदेशांत फ्रान्सिस्कन व जेजुइट संघांचे धर्मगुरु वावरले, दोन्हीकडे चर्चें उभीं राहिलीं, दोन्हीकडे बाप्तिस्म्याबरोबर डिसोजा, परेरा, फर्नांडिस हीं आडनांवें आलीं. फार काय, प्रदेशाचें नांवसुद्धां दोहोंकडे एकच होतें : ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतची एक साष्टी, आणि मडगांवाभोंवतालची दुसरी साष्टी. जुने कागद वाचणारास 'साष्टी' हें नांव दिसलें कीं प्रथम कोणती साष्टी हें पाहावें लागतें.

इ. स. १६०० च्या सुमारास एखाद्या प्रवाशानें हे दोन प्रांत पाहिले असते, तर येथें लवकरच एक लोकसमाज तयार होईल असें भाकीत त्यानें केलें असतें. राजा एक, धर्म एक, आडनांवें एक. मग निराळेपणास जागा कोठें? परंतु तसें घडलें नाहीं, आणि कां घडलें नाहीं हाच ह्या लेखाचा विषय आहे.

पहिलें कारण असें कीं, धर्म बदलला तरी जमीन बदलली नाहीं. वसईच्या पट्टींत जे ख्रिस्ती झाले ते वाडवळ, सामवेदी, कोळी, कुणबी असेच राहिले. वाडवळाची वाडी, कोळ्याची होडी व कुणब्याचें भातशेत ह्यांस नव्या धर्मानें धक्का लावला नाहीं. सामवेदी ख्रिस्ती लोकांस 'कुपारी' म्हणूं लागले. हा शब्द पोर्तुगीज भाषेंतील धर्मपित्याच्या नात्यावरून आला, पण कुपारी लोक घरीं बोलले ती कादोडी बोलीच, आणि त्यांच्या स्त्रिया नेसल्या तें लाल लुगडेंच. ज्या बोलींत केळीच्या बागेस पाणी देतां येतें आणि बाजारांत भाव करतां येतो, ती बोली राजाज्ञेनें सहसा सुटत नाहीं. ह्याच वसईंत सोळाव्या शतकांत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मा झाले व १८६२ सालीं संतपदास चढले. त्यांचा पिता पोर्तुगीज व माता येथील होती. जगाच्या दुसऱ्या टोकास ज्यानें देह ठेविला त्याची ओळख आजहि 'वसईचा संत' अशीच आहे. विश्वव्यापी धर्मसभा आपल्या संतांचें गांव पुसून टाकीत नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरें कारण भाषेच्या इतिहासांत आहे. १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स नांवाचे एक इंग्रज जेजुइट धर्मगुरु गोव्यास आले, व १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंतचा त्यांचा बहुतेक काळ दक्षिणेकडील साष्टींत गेला. सुमारें अकरा हजार ओव्यांचें त्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. तें मराठी भाषेंत आहे; पण त्या वेळीं देवनागरी खिळे नसल्यामुळें तें रोमन अक्षरांत छापावें लागलें. त्याच धर्मगुरूंनीं कोंकणी भाषेचें व्याकरण लिहिलें, जें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें, व कोंकणींत धर्मशिक्षणाचें पुस्तकहि रचलें. लोक घरीं जें बोलत तें कोंकणी व पुराणांतून जें ऐकत तें मराठी, हें त्यांनीं ओळखलें, आणि एकीच्या मानासाठीं दुसरीचा अपमान केला नाहीं. पुढें तीनशें वर्षांनीं दोन्ही भाषांच्या अभिमान्यांत जो वाद पेटला, त्याच्या आरंभींच एका परदेशीय धर्मगुरूचा हा समतोल दिसावा हें मोठें बोधप्रद आहे. ह्या पुराणाच्या सतराव्या शतकांतील छापील प्रती काळाच्या ओघांत नाहींशा झाल्या, व हस्तलिखितांवरून नवी आवृत्ति निघाली ती १९०७ सालीं, मंगळुरास. इंग्लंडांत जन्मलेल्या कवीचें, गोव्यांत रचलेलें, मराठी भाषेंतील काव्य कानडी मुलखांत राहणाऱ्या कोंकणी ख्रिस्ती लोकांनीं वांचविलें! प्रांतभेद म्हणजे भिंत असें म्हणणारांनीं ह्या एका ग्रंथाचा प्रवास पाहावा.

परंतु सत्ताधारी लोक धर्मगुरु स्टीफन्स ह्यांच्या इतके शहाणे नव्हते, हेंहि सांगितलें पाहिजे. महोत्सवी अंकांत गौरवाच्याच गोष्टी लिहाव्या असा नियम नाहीं. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायासन स्थापन झालें व मधल्या थोड्या खंडासह तें १८१२ पर्यंत चाललें. १६८४ सालीं व्हाइसरॉय कौंट आल्व्होर ह्यानें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. १७३६ सालीं धर्मन्यायासनानें ख्रिस्ती लोकांच्या घरांतील जुन्या चालींवर बंदी घातली. लग्नांतील गाणीं, विडे व फुलें पाठविणें, दारीं तुळस लावणें, देशी पोशाख अशा कितीतरी गोष्टी त्यांत होत्या. ह्या सर्वांमागें एकच समजूत होती : जो आमच्या धर्माचा तो आमच्यासारखाच बोलला, जेवला व नेसला पाहिजे. आज आम्हांस 'तुम्ही ह्या देशाचे असाल तर आमच्यासारखे व्हा' असें कोणी म्हटलें म्हणजे आम्हांस दुःख होतें. तेंच वाक्य पूर्वीं आमच्याच धर्माच्या नांवानें आमच्याच पूर्वजांस ऐकविलें गेलें होतें, ह्याची आठवण ठेवल्यास तें दुःख आम्हांस अधिक विचारी करील.

तीन वर्षांची मुदत केव्हांच सरली, आणि कोंकणी राहिली. वरच्या वर्गांत पोर्तुगीज भाषेचा प्रवेश झाला, शाळा व कचेऱ्या तिच्या झाल्या. पण चूल, शेत व देवळांतील गाणें ह्यांत कोंकणीच वावरत राहिली. उत्तरेकडे तर अशा हुकुमांमागची सत्ताच लवकर मावळली. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली, आणि सुमारें तीन महिन्यांच्या निकराच्या वेढ्यानंतर मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला सर केला. शरणागतीच्या कलमांनीं पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रांसह बाहेर पडण्याची मुभा मिळाली, व जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक मिळाली.

ह्या प्रसंगीं कोण गेले व कोण राहिले, हा आमच्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पोर्तुगीज सरदार, त्यांचीं कुटुंबें व युरोपीय संघांचे धर्मगुरु जहाजांत बसून गोव्याकडे गेले. वाडवळ, सामवेदी, कोळी व कुणबी राहिले. त्यांस जाण्यासारखें दुसरें स्थानच नव्हतें. त्यांचें घर हेंच होतें. देशी धर्मगुरूंच्या आधारानें त्यांनीं आपली श्रद्धा जपली, आणि ज्या राजानें ती आणिली असें लोक म्हणत तो राजा गेल्यावरहि ती टिकली. तुमचा धर्म परक्या सत्तेच्या बळावर उभा आहे, ह्या आक्षेपास १७३९ हें साल हेंच आमचें उत्तर आहे. सत्ता गेली, धर्म राहिला, आणि तो मराठी राज्यांत, मराठी बोलींत राहिला. पुढें साष्टी १७७४ सालीं इंग्रजांच्या हातीं गेली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें कायम झालें. वसई मात्र, मधला थोडा काळ वगळतां, १८१८ च्या सुमारापर्यंत पेशव्यांकडे होती.

आतां दोन्ही प्रदेशांचा हिशेब मांडूं. उत्तर प्रांतांतील वसईवर पोर्तुगीज सत्ता १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षें राहिली. गोव्यावर ती १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे ४५१ वर्षें राहिली. एकाच राजमुकुटाखालीं आलेल्या दोन साष्ट्यांचे मार्ग ह्या फरकानें वेगळे झाले. एक मराठ्यांच्या व इंग्रजांच्या राज्यांतून मराठीकडे आली; दुसरी पोर्तुगीज राज्यांत राहून कोंकणीस बिलगली. तिसरा एक फांटा ह्याहून निराळा. सोळाव्या ते अठराव्या शतकांत गोव्यांतून अनेक ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडा मुलखांत गेलीं. तेथें त्यांनीं कोंकणी कानडी लिपींत लिहिली, शेजाऱ्यांची तुळू शिकली, आणि १७८४ पासून १७९९ पर्यंत टिपू सुलतानाच्या कैदेंत श्रीरंगपट्टणास जे हाल सोसले त्यांची आठवण आपल्या समाजाच्या स्मृतींत कोरून ठेविली. धर्म एक, पण वसईच्या, गोव्याच्या व मंगळूरच्या मुलास आजी जी गोष्ट सांगते ती एक नाहीं.

हा भेद किती स्वाभाविक आहे हें नव्या भाताच्या सणावरून दिसतें. शेतांतील पहिलें धान्य देवास वाहण्याची चाल तिन्ही समाजांत आहे. गोव्यांत कणसांचें फेस्त ऑगस्ट महिन्यांत येतें. ताळगांवचें २१ ऑगस्टचें फेस्त प्रसिद्ध आहे. मंगळूरकर मोंती फेस्त ८ सप्टेंबर रोजीं, पवित्र मरियेच्या जन्मदिनीं करतात. नऊ दिवस मुलें तिला फुलें वाहतात, आणि त्या दिवशीं सर्व कुटुंब नवें धान्य चाखतें. मुंबईच्या गांवठाणांतील ईस्ट इंडियन लोक आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं साजरा करतात. देव एक, कणीस एक, कृतज्ञता एक. दिवस तीन, गाणीं तीन. ह्यांपैकीं कोणता सण खरा, असें विचारणारास काय म्हणावें? आणि आपल्या हिंदु शेजाऱ्याच्या घरीं नवान्न होतें तेव्हां त्याच्या मनांत जी भावना असते, ती ह्या तिहींहून कितीशी निराळी आहे?

अशा रीतीनें तयार झालेले हे तीन समाज एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत एकत्र आले, आणि येथें भेदास कडवटपणा आला. इंग्रजी अमलांत रेल्वे, जहाजें, गोद्या व कचेऱ्या वाढल्या. गोव्याहून खलाशी, आचारी, वाजंत्री व कारकून आले. धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या गांवोगांवच्या 'कुडी' उभ्या राहिल्या. मंगळुराहून शिकलेले तरुण आले. मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती माणसास 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हणत, व नव्या आलेल्यांसहि तेंच म्हणत. तेव्हां आपण ह्या भूमीचे आहों हें सरकारास निराळें कळावें म्हणून मूळच्या लोकांनीं २६ मे १८८७ रोजीं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, आपली संस्था स्थापन केली व 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. आम्ही येथले हें सांगण्यासाठीं इंग्रजी नांव घ्यावें लागलें, ह्यांतील विसंगति कोणासहि दिसेल. परंतु नांव परकें असलें तरी त्यामागची मागणी परकी नव्हती. आमच्या भूमींत आम्हांस नगण्य समजूं नका, एवढीच ती मागणी होती. आणि ती आजच्याहि कितीतरी प्रांतांच्या तोंडीं आहे.

धर्माच्या कारभारांतहि हा दुभंग शिरला. पोर्तुगालच्या राजाचा धर्मविषयक हक्क आणि रोमचा प्रत्यक्ष अधिकार ह्यांच्या ओढाताणींत मुंबईच्या कॅथलिकांस दीर्घ काळ दोन अधिकाऱ्यांखालीं राहावें लागलें. १८८६ सालीं दमणचा धर्मप्रांत स्थापन होऊन एकाच शहरांत दोन बिशपांचीं चर्चें शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं, व १९२८ सालीं हा द्विविध कारभार बंद झाला. त्यानंतरहि मुंबईचें आर्चबिशपपद आळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश धर्मगुरूंस मिळावें असा करार होता. १९५० सालीं तो सुटला, व त्याच वर्षीं वलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ सालीं ते भारतांतील पहिले कार्डिनल झाले. ते गोमंतकीय कुळांतील असून त्यांचा जन्म कराचीचा. एका माणसाच्या जीवनांत तीन प्रांत असूं शकतात, आणि तरी राष्ट्र एक असतें, ह्याचें हें उदाहरण होय.

आतां राष्ट्रीयत्वाच्या प्रश्नाकडे वळूं. माझगांवच्या मातारपाखाडींत १८६४ सालीं जन्मलेले जोसेफ बाप्तिस्ता हे ईस्ट इंडियन होते. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी. १९१६ सालच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष, व १९२५ सालीं मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष. लोक त्यांस 'काका' म्हणत. ही पदवी कोणत्याहि सरकारनें दिलेली नव्हती. ज्या मराठी समाजांत ते वाढले त्यानें दिलेली ती नात्याची पदवी होती. दुसरीकडे गोव्यांतील चांदर येथील कॅथलिक घराण्यांतले त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य ह्यांनीं १९२८ सालीं गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. पोर्तुगीज शिक्षणानें गोमंतकीय माणूस आपल्या देशास कसा पारखा झाला, ह्याची कठोर चिकित्सा त्यांनीं १९४४ सालीं लिहिली, व १९४६ सालीं अटक होऊन ते पोर्तुगालमध्यें बंदिवासांत गेले. बाप्तिस्तांनीं इंग्रजांशीं झगडा केला, कुन्य ह्यांनीं पोर्तुगीजांशीं. एक मुंबईचा, एक गोव्याचा. दोघांची मातृभूमि एकच होती. आपापल्या प्रांताच्या वाटेनेंच ते तिच्यापर्यंत पोंचले.

ह्याच काळांत कोंकणी भाषेचें पुनरुज्जीवन झालें, आणि आश्चर्य असें कीं, तें बहुतांशीं मराठी मुलखांत झालें. कोंकणीचें पहिलें नियतकालिक १८८९ सालीं पुण्यांत निघालें. पहिलें तियात्र १८९२ सालीं मुंबईच्या रंगभूमीवर झालें. कोंकणी गद्याचे अध्वर्यु शणै गोंयबाब ह्यांनीं आपलें कार्य केलें तें मुंबईंत राहून. एका प्रांताची भाषा दुसऱ्या प्रांताच्या अंगणांत वाढूं शकते, व त्यामुळें अंगणाच्या धन्याचें कांहीं उणें होत नाहीं, असा ह्याचा अर्थ आम्ही घेतों.

१९६१ नंतर गोव्यापुढें मोठा प्रश्न उभा राहिला. १ मे १९६० रोजीं संयुक्त महाराष्ट्र स्थापन झाला होता. गोव्यानें त्यांत विलीन व्हावें असा एक पक्ष, व निराळें राहावें असा दुसरा. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, तर जॅक सिक्वेरा विरोधी पक्षाचे पुढारी. १६ जानेवारी १९६७ रोजीं जनमत घेण्यांत आलें. विलीनीकरणाच्या विरुद्ध १,७२,१९१ व बाजूनें १,३८,१७० मतें पडलीं; अंतर ३४,०२१ मतांचें. गोव्यांत कॅथलिक हे अल्पसंख्याकच होते, तेव्हां ह्या कौलांत हजारों हिंदु गोमंतकीयांचींहि मतें होतीं हें उघड आहे. आणखी मौजेची गोष्ट अशी कीं, त्यानंतर दोनच महिन्यांनीं झालेल्या निवडणुकींत त्याच मतदारांनीं बांदोडकरांच्याच पक्षास पुन्हां सत्तेवर बसविलें. म्हणजे लोकांनीं मराठीचा द्वेष केला नाहीं, बांदोडकरांचा धिक्कार केला नाहीं. आपलें घर निराळें राहावें, एवढेंच सांगितलें. पुढें १९७५ सालीं साहित्य अकादमीनें कोंकणीस स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली व त्याच वर्षीं ३० मे रोजीं गोवा राज्य झालें. १९९२ सालीं कोंकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टांत आली. गोव्याच्या राजभाषेच्या कायद्यानें मराठीच्या वापरासहि जागा ठेविली.

वसईनें निराळा कौल घ्यावा असा प्रसंगच आला नाहीं. ती महाराष्ट्रांतच होती व महाराष्ट्रांतच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत देशी भाषांस मोकळीक दिली, तेव्हां वसईच्या वेदीवर मराठी आली आणि गोव्याच्या वेदीवर कोंकणी. १९५५ पासून निघालेल्या 'सुवार्ता' मासिकानें वसईच्या मराठीस वाचक व लेखक दिले. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं निवड झाली. ह्या निवडीस कांहीं ठिकाणांहून विरोध झाला. पण संमेलन भरलें, आणि कॅथलिक धर्मगुरूच्या अध्यक्षतेखालीं भरलें. २०२४ सालीं ते निवर्तले. तर मग दोन साष्ट्यांनीं दोन उत्तरें दिलीं : एकीनें मराठी होऊन राष्ट्रांत प्रवेश केला, दुसरीनें मराठीहून निराळी राहून. दोहोंपैकीं कोणती अधिक भारतीय? ह्या प्रश्नास अर्थच नाहीं, हेंच आम्हांस सांगावयाचें आहे. राष्ट्रीयत्व हें प्रांतीयत्व उतरवून अंगावर चढविण्याचें वस्त्र नव्हे. प्रत्येक प्रांत आपल्याच दाराने त्या घरांत येतो.

येथवर वाचणारे आमचे बांधव मान डोलावतील. परंतु ह्या सिद्धान्ताची कसोटी पुढें आहे. मुंबईच्या व वसईच्या अनेक धर्मग्रामांत आज केरळचे, तामिळनाडूचे, छोटा नागपूरचे कॅथलिक येऊन राहिले आहेत. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या. जुना रहिवासी म्हणतो : हें चर्च आमच्या पूर्वजांनीं बांधलें, ह्यांनीं आमच्याच भाषेंत प्रार्थना करावी. नवा म्हणतो : मला माझ्या आईच्या भाषेंत देवाशीं बोलूं द्या. आम्ही राष्ट्राकडे जो न्याय मागतों, तोच न्याय आमच्या बांकावर शेजारीं बसलेला मनुष्य आमच्याकडे मागत आहे. त्यास तो नाकारून आम्हीं राष्ट्रापुढें हात पसरणें शोभणार नाहीं. १८८७ सालीं मूळच्या ख्रिस्ती माणसास जी चिंता वाटली ती खोटी नव्हती. पोटाचा व मानाचा प्रश्न खरा असतो. पण द्विविध कारभाराच्या काळांत शेजारच्या चर्चचा मनुष्य परका मानण्याची जी संवय लागली, ती मोडण्यास किती काळ लागला, हेंहि आम्हीं विसरूं नये.

त्याबरोबरच आपली बोली आपण न राखतां दुसऱ्यानें तिचा मान राखावा ही अपेक्षाहि व्यर्थ आहे. कादोडी व वाडवळी बोलणारीं मुलें घरोघरीं कमी होत आहेत. इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या नातवास आजीचा शब्द कळेनासा झाला आहे. १६८४ च्या फर्मानास जें साधलें नाहीं तें आमच्या आळसानें साधूं नये. प्रत्येक कुटुंबानें घरांतील वृद्ध स्त्रियांकडून लग्नाचीं गाणीं उतरून घ्यावीं. धर्मग्रामाच्या जुन्या बाप्तिस्मा-वह्या वाळवीपासून वांचवाव्या. आगेऱ्याच्या दिवशीं मुलांनीं आपल्या बोलींत एक तरी गीत म्हणावें. आणि त्याच दिवशीं तामिळ व मल्याळी बांधवांसहि आपलें गीत म्हणण्यास बोलवावें. ह्यास पैसा फारसा लागत नाहीं. लाज सोडावी लागते आणि मन मोठें करावें लागतें.

एकाच किनाऱ्यावर दोन साष्ट्या झाल्या, त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या, आणि दोन्ही आज एकाच देशांत सुखानें नांदत आहेत. ज्या पूर्वजांनीं १७३९ सालीं जहाजांकडे न पाहतां आपल्या शेताकडे पाहिलें, त्यांचे आम्ही ऋणी आहों. त्यांनीं राखलेली श्रद्धा, त्यांनीं राखलेली बोली व त्यांनीं निवडलेली ही भूमि, हीं तिन्ही आमच्या हातून पुढच्या पिढीस अखंड पोंचोत, आणि आमच्या दारीं येणारा प्रत्येक नवा बंधु आपली बोली बाहेर न ठेवतां आंत येवो, अशी ह्या महोत्सवाच्या शुभप्रसंगीं परमेश्वरचरणीं आमची नम्र प्रार्थना आहे.